एडिटिंगच्या पीसीचं कॅबिनेट कसं निवडायचं? दुकानात जाताना टेप घेऊन जा!



एडिटिंगसाठी पीसी बनवायला जे लोक माझ्या दुकानात येतात, त्यांच्या हातात बहुतेक वेळा यादी तयार असते. प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, रॅम किती, सगळं लिहिलेलं. त्यावर महिनाभर व्हिडिओ बघून झालेले असतात. आणि यादीच्या अगदी तळाशी एक ओळ असते : "कॅबिनेट कुठलंही चालेल, फक्त लाइटवालं द्या."

आज आपण या शेवटच्या ओळीबद्दल बोलणार आहोत. कारण वरच्या सगळ्या ओळींवर खर्च केलेले लाखभर रुपये ज्या डब्यात राहणार आहेत, तो डबा हाच. तुमचा लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय असो, क्लासचे व्हिडिओ असोत किंवा स्वतःचं चॅनल असो, पुढचे मुद्दे तुम्हाला लागू पडतील.

कॅबिनेटचा धंद्याशी काय संबंध?

ऑफिसच्या कामाचा पीसी दिवसभर चालू असला तरी तो बहुतेक वेळ निवांत असतो. एडिटिंगचं तसं नाही. एक्सपोर्टला लावलं की पुढचा तास-दोन तास मशीन दम खात नाही. दाविंची रिझॉल्व्हमध्ये कलर आणि नॉइज रिडक्शन लावलं की ग्राफिक्स कार्ड राबतं. एडियस किंवा प्रीमियरमध्ये मल्टिकॅमच्या टाइमलाइनवर प्रोसेसरला घाम फुटतो. आणि सीझनमध्ये हे रोज चालतं, कधी कधी रात्रभर.

आता उष्णतेचा हिशोब करू. इंटेलचा आय सेव्हन १४७००के हा प्रोसेसर पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज खाऊ शकतो. आरटीएक्स ४०७० हे कार्ड २०० वॅटचं आहे. दोन्ही पूर्ण जोरात एकाच वेळी चालतील असं नाही, पण ४०० वॅट धरून चला. कॉम्प्युटरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे जुन्या काळचे ६० वॅटचे सहा-सात पिवळे बल्ब एका बंद पेटीत तासभर पेटते ठेवले, तर जे होईल ते!

ही उष्णता बाहेर गेली नाही, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये ९५ अंश. पीसी बंद पडत नाही, एरर येत नाही, फक्त काम हळू होतं. त्यामुळे मालकाला वाटतं, प्रोसेसरच कमी पडतोय. मग तो आणखी महागडा, आणखी गरम होणारा प्रोसेसर आणतो आणि त्याच कोंदट डब्यात बसवतो.

म्हणून एकच सूत्र लक्षात ठेवा : कॅबिनेट निवडायचं ते मशीन किती तास भाराखाली चालणार यावरून. ते टेबलावर कसं दिसणार, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

आधी यादी, मग टेप

कॅबिनेट आधी आवडलं आणि मग त्यात पार्ट कोंबले, असं करू नका. आधी पार्ट ठरवा, त्यांची मापं कंपनीच्या वेबसाइटवरून कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन कॅबिनेट शोधा. चार मापं लागतात.

पहिलं माप मदरबोर्डचं. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिमी असतो, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४, आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलटं होत नाही. इंटेलने एटीएक्सचं माप १९९५ मध्ये आणलं आणि आजही तेच चालतं. याचा अर्थ आज घेतलेलं चांगलं एटीएक्स कॅबिनेट तुमच्या पुढच्या बोर्डलाही चालण्याची शक्यता खूप आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पैशाच्या हिशोबात परत लागेल.

दुसरं माप ग्राफिक्स कार्डच्या लांबीचं. दोन फॅनची कार्डं साधारण २०० ते २५० मिमीची असतात, तीन फॅनची ३०० च्या पुढे जातात. कॅबिनेटच्या माहितीत "जीपीयू क्लिअरन्स" असा आकडा दिलेला असतो. तो पुढचे फॅन धरून आहे की न धरून, हे विचाराच. समजा कॅबिनेटवर ३४० मिमी लिहिलंय आणि तुमचं कार्ड ३१० चं आहे. वाटतं की आरामात बसेल. पण पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा रेडिएटर लावला तर तो साधारण २७ मिमी आणि त्यावरचा फॅन २५ मिमी, म्हणजे ५२ मिमी गेले. उरले २८८. कार्ड बसत नाही!

तिसरं माप सीपीयू कूलरच्या उंचीचं. टॉवरसारखे एअर कूलर बहुतेक १५० ते १६५ मिमी उंच असतात. कॅबिनेट अरुंद असेल तर बाजूचं झाकणच लागत नाही. रेडिएटर घेणार असाल तर तो २४० चा की ३६० चा, आणि तो वर बसतो की पुढे, हे बघा. २४० म्हणजे १२० मिमीचे दोन फॅन, पण रेडिएटरची खरी लांबी साधारण २७५ मिमी भरते. वर बसवताना तो उंच रॅमवर आदळत नाही ना, तेही बघून घ्या.

चौथं माप एसएमपीएसचं. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच असतो. खोली १४० पासून १८० मिमीपर्यंत बदलते. त्याच्या मागून निघणाऱ्या केबलच्या जुडग्यालाही जागा लागते. शेजारीच हार्डडिस्कचा पिंजरा असेल तर इथेच मारामारी होते.

नव्या महाग कार्डांना १६ पिनचा पॉवर कनेक्टर येतो. त्याची केबल कनेक्टरच्या तोंडाशीच वाकवायची नसते, निदान ३५ मिमी सरळ जाऊ द्यायची असते. म्हणून कार्ड आणि बाजूची काच यांच्यामध्येही जागा हवी. ही जागा बहुतेक माहितीपत्रकात नसते. तिथे टेपच कामाला येते.

हवा येणार कुठून आणि जाणार कुठून?

कॅबिनेट हातात घेतलं की सगळ्यात आधी पुढची बाजू बघा. तिथे जाळी आहे की काच? पुढे पूर्ण काच आणि कडेला बोटभर फट असेल, तर मागे तीन चमकणारे फॅन असून उपयोग नाही. फॅन फिरतात, पण ओढायला हवाच मिळत नाही. दारं-खिडक्या लावून पंखा पाचवर ठेवल्यासारखं.

साधी आणि खात्रीची मांडणी अशी : पुढून दोन किंवा तीन फॅन हवा आत घेणारे, मागे एक फॅन हवा बाहेर टाकणारा. गरज पडली तर वर, मागच्या कोपऱ्यात, आणखी एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की आत हलका दाब राहतो. मग धूळ फटीफटीतून न शिरता फिल्टर असलेल्या वाटेनेच येते, आणि फिल्टर तर आपण धुऊ शकतो.

फॅनची दिशा ओळखायची खूण सोपी आहे. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. असेंबल करून घेतलेला पीसी घरी नेण्याआधी प्रत्येक फॅनसमोर टिश्यू पेपर धरून बघा. पुढे तो जाळीला चिकटला पाहिजे, मागे तो उडाला पाहिजे.

फॅनचा आकारही महत्त्वाचा आहे. १४० मिमीचा फॅन १२० च्या फॅनइतकी हवा कमी फेऱ्यांत देतो, म्हणून आवाज कमी. काही कॅबिनेट याचा पूर्ण फायदा घेतात. लिआन लीच्या लॅनकूल २१६ ला पुढे १६० मिमीचे दोन फॅन येतात. तेच घ्या असं मी म्हणत नाही, पण एडिटिंगसाठी कुठल्या दिशेने विचार करायचा ते यातून कळतं.

आणि ते सगळीकडून काचेचं, माशांच्या टाकीसारखं दिसणारं कॅबिनेट? ते वाईटच असतं असं नाही. पण त्यात हवा खालून आणि बाजूने घ्यावी लागते, म्हणजे जास्त फॅन आणि जास्त पैसे. फॅनसाठी बजेट नसेल तर तो मोह टाळा.

हार्डडिस्कची जागा मोजा

गेमिंगसाठी बनवलेल्या कॅबिनेटची एडिटरला खरी अडचण इथे होते. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये ३.५ इंची हार्डडिस्कसाठी फक्त दोन जागा असतात. कॉर्सेअरचं ४०००डी एअरफ्लो हे गाजलेलं कॅबिनेट घ्या. हवा खेळती आहे, कार्डाला ३६० मिमी जागा आहे, कूलरला १७० मिमी. पण ३.५ इंची जागा दोनच. गेम खेळणाऱ्याला त्या खूप झाल्या. तुम्हाला पुरतील का?

हिशोब करू. कॅमेरा १०० एमबीपीएसवर फोरके रेकॉर्ड करत असेल तर सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी. एका लग्नात तीन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले तर १८ तासांचं फुटेज, म्हणजे ८१० जीबी. अशी वीस लग्नं झाली की १६ टीबीच्या वर. अल्बम फायनल होईपर्यंत आणि पार्टी पूर्ण पैसे देईपर्यंत हे डिलीट करता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे!

म्हणून कॅबिनेटमध्ये ३.५ इंचीच्या निदान तीन-चार जागा बघा. त्या जागा पुढच्या फॅनच्या झोतात आहेत का, हेही बघा. हार्डडिस्कला साधारण ६० अंशांपर्यंत चालण्याची परवानगी कंपन्या देतात, पण त्या टोकाला तिला रोज नेऊ नये. एसएमपीएसच्या आवरणाखाली, हवा न लागणाऱ्या कोपऱ्यात दोन डिस्क एकावर एक ठेवल्या की त्या तापतात. डिस्क बसवण्याच्या ट्रेला रबराचे बुश असतील तर उत्तम, घरघर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. एकाच कॅबिनेटमधली दुसरी हार्डडिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. विजेचा झटका आला, एसएमपीएस उडाला किंवा पीसीच चोरीला गेला, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. लग्न परत लावता येत नाही. दुसरी कॉपी बाहेरच्या डिस्कवर, आणि जमलं तर दुसऱ्या घरात.

डीव्हीडी रायटरसाठी जागा शोधत असाल तर नव्या कॅबिनेटमध्ये ती क्वचितच मिळेल. एखाद्या गिऱ्हाइकाला अजून डीव्हीडी लागतेच, त्यासाठी यूएसबीवर चालणारा बाहेरचा रायटर ठेवा.

पुढचे पोर्ट आणि आवाज

कार्ड रीडर तुम्ही रोज पुढच्या पोर्टलाच लावणार. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबीच मिळतात. म्हणजे १२८ जीबीचं भरलेलं कार्ड रिकामं व्हायला तासभर. तेच कार्ड ९० एमबीच्या वेगाने वाचता येत असेल आणि पोर्ट यूएसबी ३ चा असेल, तर २४ मिनिटांच्या आसपास. म्हणून पुढे यूएसबी ३ चे दोन पोर्ट आणि एक टाइप-सी बघा. पण नुसता कॅबिनेटवर टाइप-सी असून भागत नाही, त्याची केबल लावायला मदरबोर्डवर तसा कनेक्टर लागतो. नाहीतर तो पोर्ट नुसता शोभेचा.

आवाजाचं म्हणाल, तर याच खोलीत तुम्ही व्हॉइसओव्हर करता का? क्लासचे व्हिडिओ रेकॉर्ड करता का? मग मोठे आणि हळू फिरणारे फॅन घ्या, आणि जाड पत्र्याचं कॅबिनेट घ्या. बोटाने टिचकी मारून बघा. पातळ पत्रा डब्यासारखा वाजतो, आणि फॅन फिरले की तोच पत्रा गुणगुणायला लागतो. आतून आवाजशोषक थर लावलेली कॅबिनेटही मिळतात, पण त्यांची पुढची बाजू बंद असेल तर हवेशी तडजोड करावी लागते.

"सर, यासोबत एसएमपीएस फ्री आहे!"

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. स्वस्त कॅबिनेटसोबत ४५० वॅट असं स्टिकर लावलेला एसएमपीएस येतो. बिलिंग काउंटरच्या पीसीला तो कदाचित चालेल. एडिटिंगच्या पीसीवर, जिथे तासन्‌तास भार असतो, तिथे तो लावू नका. एसएमपीएस वेगळा घ्या, नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्र असलेला, आणि वॉरंटी किती वर्षांची ते बघून. जे कॅबिनेट एसएमपीएसशिवाय विकलं जातं, त्याची किंमत निदान पत्र्याची आणि फॅनची तरी असते.

आपली खोली, आपलं हवामान

परदेशी रिव्ह्यूमधले तापमानाचे आकडे एसीच्या खोलीतले असतात. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. २८ अंशांच्या खोलीत तुमचं कार्ड ७० अंशांवर राहत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत ते साधारण ८२ वर जाईल असं धरा. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या मंडळींनी हा फरक आधीच जमेस धरावा, आणि खोलीतल्या वॉटर कूलरचा दमट झोत थेट पीसीवर येऊ देऊ नये. कोकणात आणि गोव्यात खारी, दमट हवा असते, तिथे पत्र्याचा रंग आणि आतल्या कडा नीट बघा. जिथे रंग उडालेला असतो, तिथूनच गंज सुरू होतो.

आपल्या घरांत आणखी एक प्रकार असतो : कॉम्प्युटर टेबलचा तो खालचा कप्पा. तीन बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत. माझे एक गिऱ्हाईक, लग्नाचे शूटिंग करणारे, मे महिन्यात तक्रार घेऊन आले की एक्सपोर्टला हिवाळ्यापेक्षा फारच वेळ लागतोय. पीसी दुकानात आणला तर एकदम व्यवस्थित चालला. घरी जाऊन बघितलं तर कॅबिनेट त्या कप्प्यात ठासून बसवलेलं. बाहेर काढून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं, झालं काम. खर्च शून्य. कॅबिनेट घेताना ते कुठे ठेवणार, ती जागाही मोजून आणा.

धुळीसाठी पुढे, खाली आणि वर काढता येणारे फिल्टर हवेत, आणि ते स्क्रू न काढता निघाले पाहिजेत. जे काढायला त्रास होतो ते कोणी धूत नाही. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या फेकू नका. त्या उघड्या राहिल्या की झुरळं, मुंग्या आणि पाल, सगळ्यांना घर मिळतं.

आणि अर्थिंग! कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा दोष कॅबिनेटचा नसतो. सॉकेटला अर्थिंग नसतं किंवा ते तुटलेलं असतं. एसएमपीएसमधला बारीकसा प्रवाह जमिनीत जायला वाट शोधतो आणि ती वाट तुम्ही बनता. इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिसरी पिन तोडून चालवू नका.

पैशाचं गणित

समजा एक साधं कॅबिनेट ३,००० रुपयांचं आहे आणि जाळीचं, चार डिस्कची जागा असलेलं ७,००० चं. फरक ४,००० रुपये. प्रोसेसर आणि बोर्ड तुम्ही चार-पाच वर्षांत बदलाल, पण एटीएक्स कॅबिनेट आठ वर्षं सहज चालतं. ४,००० भागिले ८, म्हणजे वर्षाला ५०० रुपये, महिन्याला बेचाळीसच्या आसपास. सीझनमध्ये एक डिलिव्हरी उशिरा गेली तर किती नुकसान होतं, ते तुम्हीच ठरवा.

उलट बाजूही सांगतो. ७,००० चं सोडून १५,००० चं घेतलं म्हणून एक्सपोर्ट दुप्पट वेगाने होत नाही. हवा खेळती झाली, डिस्क बसल्या, आवाज कमी झाला, की पुढचे पैसे दिसण्याचे. ते रॅमवर नाहीतर बॅकअपच्या डिस्कवर घाला.

जीएसटी नोंदणी असेल आणि कंपोझिशन स्कीममध्ये नसाल, तर बिलावर व्यवसायाचं नाव आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या. धंद्यासाठी घेतलेल्या पार्टवरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट मिळू शकतं. कच्च्या बिलावर तेही जातं आणि वॉरंटीही.

आहे तोच पीसी आधी तपासा

नवं कॅबिनेट घेण्याआधी आज रात्रीच एक चाचणी करा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. नेहमीचा प्रोजेक्ट एक्सपोर्टला लावा, वीस मिनिटं थांबा आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि हार्डडिस्क यांचं तापमान लिहून घ्या. मग पीसी बंद करून बाजूचं झाकण काढा, थोडा वेळ गार होऊ द्या आणि तोच प्रोजेक्ट पुन्हा लावा. झाकण उघडं असताना आतल्या फॅनला हात किंवा केबल लागू देऊ नका.

झाकण काढल्यावर तापमान दहा अंशांनी किंवा जास्त उतरलं, तर तुमचं कॅबिनेट गुदमरतंय. आधी फिल्टर धुवा, फॅनची दिशा बघा, कप्प्यातून बाहेर काढा. तरी फरक पडला नाही तर नवीन घ्या. आणि दोन-तीन अंशांचाच फरक आला, तर कॅबिनेट ठीक आहे. अडचण सीपीयू कूलरमध्ये किंवा सुकलेल्या थर्मल पेस्टमध्ये शोधा. उगाच पैसे घालू नका.

आणि घ्यायचंच ठरलं, तर लॅमिंग्टन रोडला जा, तुमच्या गावच्या दुकानात जा किंवा ऑनलाइन मागवा, मापांचा तो कागद जवळ ठेवा. मदरबोर्ड, कार्डाची लांबी, कूलरची उंची, एसएमपीएसची खोली, डिस्कची संख्या आणि टेबलाखालची जागा. या सहा ओळी जुळल्या, पुढे जाळी असली आणि फिल्टर सहज निघाला, तर रंग आणि लाइट तुमच्या आवडीचे घ्या. तिथे माझं काहीच म्हणणं नाही!